आण्णांचे साचे आणि बारावा पडदा

आमच्या घरात गिटार यायच्या आधी सव्वा वर्षं तिचे साचे आले. लग्न ठरायच्या आधी बारशाचे पेढे वाटावेत, तसला हा प्रकार होता. पण आमच्या घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आण्णा म्हणजे माझे वडील चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. टूलरूम म्हणजे कारखान्याचं देवघर. तिथली माणसं माल बनवत नाहीत. माल बनवायला जे लागतं ते बनवतात. भोक नेमकं कुठं पडावं, पत्रा नेमका कुठं वाकावा, हे मशीनवरच्या माणसानं डोकं न चालवता करावं म्हणून आधीच घडवून ठेवलेल्या चौकटी, ठोकळे, पट्ट्या. त्यांना ते ‘जिग’ म्हणायचे, शहागंजात जुनं लाकूडसामान विकणारे रशीदचाचा ‘साँचा’ म्हणायचे आणि आई ‘तुमचं ते खटलं’ म्हणायची. जिग नीट असलं की मशीनवर गाढव उभं केलं तरी माल बरोबर निघतो, असं आण्णांचं ठाम मत होतं. मशीनवर प्रत्यक्षात उभ्या असणाऱ्यांबद्दलही त्यांचं मत साधारण त्याच प्राण्याच्या आसपास घोटाळायचं.

गिटारीचं खूळ दोन्हीकडून एकदम शिरलं. मी तेव्हा सतरा वर्षांची, कॉलेजात नवी. छावणीत चर्चजवळ सायमन सर राहायचे, त्यांच्याकडं मी मंगळवार-शुक्रवार गिटार शिकायला जात असे, त्यांच्याच एका जुन्या गिटारीवर. घरी सरावाला काही नव्हतं. मी लाटण्यावर बोटं ठेवून सराव करायची आणि आई म्हणायची, वाजवून झालं आसंल तर पोळ्या लाट. तिकडं कारखान्याच्या समारंभात पुण्याहून आलेल्या एका तरुण इंजिनिअरनं गिटारीवर दोन गाणी वाजवली. सगळा कारखाना गाणी ऐकत होता, आण्णा गिटार बघत होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी त्या पोराच्या हातातून ती घेतली, उलटी केली, भोकातून आत डोकावलं, ठोकून पाहिली आणि घरी येऊन जाहीर केलं, ‘‘काय नाय त्यात. एक खोकं, एक दांडी आन् सहा तारा. इकत कामून घ्यायची? बनवू.’’

आई चुलीशी येसराची आमटी ढवळत होती. ती वळलीसुद्धा नाही. ‘‘मागल्या साली शिलाई मशीन बनवणार हुते. त्याचा पायटा बनवलाय निस्ता. अजून त्याच्यावर लोणच्याची बरणी ठिवते मी,’’ ती म्हणाली.

‘‘त्याचं जिग चुकलं हुतं,’’ आण्णा म्हणाले.

मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपली स्वतःची गिटार, तीही बापानं हातानं बनवलेली! मी आनंदानं वेडी झाले होते. बाप आधी काय बनवणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

गारखेड्यात आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि मागं पत्र्याचं शेड. त्या शेडमध्ये सव्वा वर्षं जे चाललं ते आठवलं की अजून माझ्या कानात कानस चालते. सकाळची पाळी करून आण्णा चार वाजता यायचे, चहासोबत आदल्या दिवशीची भाकरी कुस्करून खायचे आणि शेडमध्ये जायचे. मग करवतीचा खरखराट, मधेच हातोडीचे तीन मोजके ठोके, मग बराच वेळ शांतता. ती शांतता म्हणजे आण्णा मोजतायत. आधी त्यांनी गिटारीच्या कमरेचा साचा केला. दोन जाड फळ्यांमधून गिटारीचा आकार कोरून काढलेला, मधोमध बोल्टनं जोडलेला. त्यात बाजूच्या पातळ पट्ट्या वाकवून बसवायच्या. पट्ट्या वाकवायला एक लोखंडी पाइप आडवा बसवला, त्याच्या आत स्टोव्हची ज्योत सोडायची व्यवस्था केली. ओली पट्टी तापल्या पाइपवर दाबली की ती हळूहळू लवायची. पाठीला किंचित फुगवटा असतो, तो यावा म्हणून लाकडाची एक उथळ, खोलगट ताटली घासून घासून बनवली. तिचा उतार बरोबर आहे की नाही हे तपासायला दुसरा एक साचा बनवला. तो दुसरा साचा बरोबर आहे की नाही हे तपासायला कागदावर मोठं ड्रॉइंग काढलं आणि ड्रॉइंगचा कागद दमट हवेत ताणला जातो म्हणून ते काढायला पत्रा आणला.

आई या सगळ्याकडं संसाराच्या नजरेनं बघायची. तापलेल्या पाइपवर तिनं एकदा भरताचं वांगं भाजलं आणि ते विस्तवावर भाजतात त्याहून सारखं भाजलं, असं तिचं म्हणणं होतं. आण्णांना ते आवडलं होतं, पण त्यांनी कबूल केलं नाही. त्या खोलगट ताटलीत मात्र तिनं पाहुणे आले त्या दिवशी कणीक मळली. आण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते इतकंच, की कणकेचं पाणी लाकडानं पिऊन फुगवटा तीन दशांश बदलला आहे. ‘‘मंग पोळ्या पण तीन दशांश फुगल्या आसतील,’’ आई म्हणाली.

हल्ली मोबाइलवर मला परदेशातले म्हातारे दिसतात. आपल्या गॅरेजात उभे राहून, कानावर पेन्सिल खोचून, गिटार बनवायच्या साच्यांची माहिती देतात. एकेका साच्याची माहिती अर्धा तास. मी कौतुकानं बघते. आजवर त्यातल्या एकाचीही गिटार वाजताना मी ऐकलेली नाही. या बाबतीत आमचे आण्णा जगाच्या फार पुढं होते.

लाकडाचं सगळं रशीदचाचांकडं होतं. शहागंजात त्यांचं जुन्या पलंगा-कपाटांचं दुकान, आणि मागच्या बाजूला सतारी-हार्मोनियम दुरुस्त करायचं काम, ते वडलांपासून चालत आलेलं. मोडक्या शिसवी पलंगाच्या फळ्या त्यांनी पाठीला आणि बाजूंना दिल्या. वरच्या पातळ फळीसाठी मऊ, सरळ रेषांचं लाकूड पाहिजे होतं, ते आण्णांनी कारखान्यात परदेशी मशीन ज्या खोक्यातून आली त्या खोक्याच्या फळ्यांतून मिळवलं. वर कुठली बाजू ठेवायची हे सांगणारा काळा बाण त्या फळीवर छापलेला होता, तो आतल्या अंगाला गेला. चाचा दर रविवारी सायकलवरून यायचे, येताना कधी इमरती आणायचे, शेडच्या दारात उकिडवे बसायचे आणि भिंतीवर टांगलेले साचे मोजायचे. ‘‘अन्नासाब,’’ ते म्हणायचे, ‘‘साँचा बन गया, साँचे का साँचा बन गया. अब गिटार कब बनाते? मेरे मरने के बाद?’’

‘‘चाचा, एकदा जिग पक्की झाली की गिटार आपोआप हुती.’’

‘‘हौ. दरख्त से गिरती होंगी.’’

साचे आहेत म्हटल्यावर एक गिटार बनवणं आण्णांना कमीपणाचं वाटू लागलं. त्यांनी कारखान्यात बोलून दाखवलं, आणि पोरांसाठी, भाच्यांसाठी, नुसतीच भिंतीला टांगायला, अशा चौघांनी मागणी नोंदवली. म्हणजे माझी धरून पाच. पाच खोकी, पाच दांड्या, एकाच मापाच्या. शेडमध्ये त्या ओळीनं टांगलेल्या असत. मान कापलेल्या कोंबड्या टांगतात तशा, असं आई म्हणायची.

आता सगळं ज्यावर उभं होतं ती गोष्ट सांगते. आण्णांनी सगळी मापं घेतली ती सायमन सरांच्या जुन्या गिटारीवरून. मीच ती आठवडाभरासाठी मागून आणली होती. टूलरूममध्ये एक ‘मास्टर’ असतो. म्हणजे मूळ नमुना, मखमलीच्या पेटीत ठेवलेला, बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं. मास्टरवर शंका घ्यायची नसते. आण्णांनी सायमन सरांच्या गिटारीला तो मान दिला. तिला जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली आणि व्हर्नियरनं तिचा तसू नि तसू मोजला. घोडी, म्हणजे खालच्या बाजूला तारा जिच्यावरून जातात ती लाकडी पट्टी, दांडीच्या वरच्या टोकाला तारांना आधार देणाऱ्या हाडाच्या पट्टीपासून किती अंतरावर चिकटवलेली आहे, ते त्यांनी सात वेळा मोजलं. मग त्यासाठी वेगळा साचा केला. एक लांब पट्टी, तिचं वरचं टोक हाडाच्या पट्टीला अडकवायचं, खालच्या टोकाला पितळेचा ठोकळा स्क्रूनं बसवलेला. त्या ठोकळ्याला घोडी टेकवायची आणि चिकटवून टाकायची. पाचही गिटारींची घोडी एकाच जागी, डोळे मिटून.

आणि ती जागा चुकीची होती.

हे मला माहीत होतं. सायमन सरांची ती गिटार मला शिकायला दिलेली होती, आणि दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी, म्हणजे पडद्यांपैकी, पहिल्या चारांच्या वर त्यांनी मला कधी जाऊ दिलं नव्हतं. ‘‘वर गेलं की ती जरा चिडते,’’ ते म्हणायचे. मी एकटी असताना वर जाऊन पाहिलं होतं. कुठलीही तार मोकळी वाजवा आणि मग तीच बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. सूर तोच, फक्त वरच्या सप्तकातला, यायला पाहिजे. या गिटारीत तो चढा यायचा. थोडासाच, पण दातात खडा यावा तसा. विचारल्यावर सरांनी सरळ सांगून टाकलं, की पूर्वी ती सायकलवरून पडली, घोडी निघाली, तेव्हा शेजारच्या फर्निचरवाल्याकडून चिकटवून घेतली होती.

मी घरी येऊन आण्णांना हे सगळं सांगितलं. ते पितळेचा ठोकळा घासत होते. ‘‘मंदे,’’ ते म्हणाले, ‘‘निघालेली घोडी परत बसवली ना? मंग बसवणाऱ्यानं मापूनच बसवली आसंल की.’’

कुणी माणूस एखादी वस्तू न मोजता चिकटवू शकतो, हे आण्णांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. अख्ख्या शहरात अशी चूक करणारा दुसरा माणूस सापडला नसता. त्यासाठी अर्धं आयुष्य टूलरूममध्ये काढावं लागतं.

मी त्यांचीच पट्टी घेतली आणि माझ्या गिटारीला तो साचा लावून दाखवलं. बारावा पडदा तारेच्या मधोमध पाहिजे, तो नाही; खालची बाजू चार मिलिमीटरनं आखूड आहे. त्यांनी मोजलं. चारच भरलं. मला वाटलं, जिंकले. पण त्यांनी व्हर्नियर मिटला आणि म्हणाले, ‘‘मास्टरमधी तसं हाय म्हंजे डिझाइनवाल्यानं कायतरी इचार करूनच दिलं आसंल.’’

‘‘आण्णा, पण ऐकू येतंय ना! सूर चढतोय!’’

‘‘तुझ्या कानाचा लीस्ट काउंट किती?’’

लीस्ट काउंट म्हणजे एखाद्या उपकरणानं मोजता येणारं सगळ्यात लहान माप. त्यांच्या व्हर्नियरचा होता, माझ्या कानाचा नव्हता. ‘‘ज्याला आकडा नाय त्यावर इस्वास ठिवून म्या काय पाच घोड्यांची जागा बदलू?’’ असं म्हणून त्यांनी पुन्हा कानस उचलली. मी रडत आत आले. आमच्या घरात आकड्यात बोलता येणारं एकच माणूस होतं आणि बाकी आम्ही दोघी अंदाजपंचे होतो. मिठाचा अंदाज, माणसांचा अंदाज, सुराचा अंदाज. त्याला घरात किंमत नव्हती, त्यावर घर चालत असलं तरी.

मला तेव्हा काय पाहिजे होतं ते साध्या शब्दांत सांगते. महिन्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आली होती. सायमन सरांनी माझ्यासाठी एक तुकडा बसवला होता, आणि त्यातला अर्धा वरच्या पडद्यांवर होता. स्पर्धेपुरती ते आपली चांगली गिटार द्यायला तयारही होते. पण आण्णांनी कॉलेजात कळवून टाकलं होतं, की मंदा वडिलांनी स्वतः बनवलेल्या गिटारीवर वाजवणार. प्राचार्यांनी तसं पत्रिकेत छापलं होतं. आता भरल्या सभागृहात मी बाराव्या पडद्यावर जाणार आणि बेसूर वाजणार. लोक म्हणणार, पोरीला येत नाही. गिटारीला येत नाही, असं कुणी म्हणत नसतं. पण खरं सांगायचं तर स्पर्धेपेक्षाही मला एकच गोष्ट हवी होती. या माणसानं एकदा, फक्त एकदा म्हणावं की मंदे, तुला जे ऐकू येतंय ते खरं आहे.

मी शहागंजात गेले. रशीदचाचा एका सतारीवर वाकलेले होते. त्यांना सांगितलं तर त्यांनी हसून मान हलवली. ‘‘बेटी, सितार की घोड़ी हम नापते नैं. सरकाते. एक तार बाँध, नीचे लकड़ी का टुकड़ा रख, सरका के देख. कां रुकना वो तार खुद बोलती.’’

‘‘चाचा, तुम्ही सांगा ना आण्णांना.’’

‘‘नक्को बाबा,’’ चाचा म्हणाले. ‘‘मैं उनको लकड़ी देता, अकल कायको देऊँ?’’

रविवारी सरस तापवून पाचही घोड्या चिकटवायचं ठरलं होतं. शनिवारी आण्णा पाळीवर गेले आणि मी शेडमध्ये शिरले. भर दुपार होती, पत्रा तापलेला, आत उभं राहवत नव्हतं. माझी गिटार मांडीवर घेतली. एकच तार वरून खाली ओढून बुडाच्या खिळ्याला बांधली, घोडीच्या जागी लाकडाचा तुकडा ठेवला आणि वाजवत, सरकवत, वाजवत, सरकवत बसले. आधी आण्णांच्या साच्याप्रमाणे. चढा. मग थोडा खाली. अजून चढा. घामानं बोटं निसटत होती. आणि एका जागी मोकळी तार आणि बारावा पडदा एकमेकांत असे मिसळले की मला दोन आवाज वेगळे ऐकूच येईनात. मी पाच-सहा वेळा वाजवून पाहिलं. अंगावर काटा आला, एवढ्या उकाड्यात. मग कंपासपेटीतली लाकडी फूटपट्टी मोडली, तिचे दोन तुकडे एकावर एक ठेवून कानशीनं घासले, आणि घोडीच्या साच्याचे स्क्रू काढून पट्टीचं टोक आणि पितळेचा ठोकळा यांच्यामध्ये बसवले. ठोकळा तेवढा खाली सरकला.

टूलरूममध्ये दुसऱ्याच्या जिगला हात लावणं म्हणजे काय, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. अशा एका माणसाशी आण्णा सात वर्षं बोलत नव्हते. मागं बघते तर दारात आई.

‘‘काय करायलीस गं?’’

‘‘आण्णांचं माप चुकलंय.’’

आईनं साच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. ‘‘मंग आयुष्यभर करत बस हेच काम,’’ ती म्हणाली. मग पदरानं कपाळ पुसून म्हणाली, ‘‘आटप लवकर. चारला येतेत ते. आन् त्या पट्टीवरले आकडे दिसायलेत, ते आतल्या बाजूला घे.’’

रविवारी चाचा आले. सरसाचा उग्र वास घरभर पसरला होता, आईनं दारं-खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. आण्णांनी खुंटीवरचा घोडीचा साचा काढला, फडक्यानं पुसला, त्याच्यावरून हात फिरवला आणि खिडकीशी जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. आता बघणार, मला वाटलं. पण त्यांचा चष्मा तर आतल्या खोलीत रेडिओवर होता, तो मला उघड्या दारातून दिसत होता. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःच्या शर्टाचं बटण दिसायचं नाही. ते परत वळले आणि म्हणाले, ‘‘सरस तापलं का, चाचा?’’ एकामागून एक पाचही घोड्या बसल्या. चाचांनी माझ्याकडं बघून एक डोळा मिटला. मी देवाचे आभार मानले की त्यानं माझ्या बापाला वेळेवर आंधळं केलं.

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत आण्णा, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात पेन आणि सहा इंची पट्टी. बाजूला आई, तिच्यामागं सायमन सर. मी कशी वाजवली याचं वर्णन करत नाही, बरी वाजवली. वरच्या पडद्यांवर पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि सूर लागला. खरा, सरळ लागला, आणि पुढं मला कशाची भीती राहिली नाही. शिसवी पलंगाच्या आणि मशीनच्या खोक्याच्या त्या पेटीतून इतका गोड आवाज येईल असं मलाही वाटलं नव्हतं. दुसरा नंबर आला. टाळ्या झाल्या. मग प्राचार्यांनी माइक घेतला आणि सांगितलं, की आज आपल्यात एक असे कलावंत आहेत ज्यांनी स्वतःच्या हातांनी हे वाद्य घडवलं. आणि शाल, नारळ आणि हार आण्णांना मिळाला. मला प्रमाणपत्र मिळालं, त्यावर माझं नाव चुकीचं लिहिलं होतं.

आण्णांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी माइक किती उंचीवर आहे ते बघितलं, तो स्वतः नीट केला आणि बोलले. ‘‘माप बराबर आसलं की सूर आपोआप लागतो. ह्ये माझं आजचं मत नाय, तीस वर्षांचं हाय. आमची पोरगी म्हणली हुती, आण्णा, बाराव्या पडद्यावर चुकतंय. म्या म्हणलं, कानावर जाऊ नको, मापावर जा. आज ऐकलं तुमी सगळ्यांनी.’’ सगळं सभागृह हसलं. प्राचार्य हसले. मी स्टेजच्या कडेला गिटार पोटाशी धरून उभी होते, मला ती त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. पण खरं सांगितलं असतं तर साच्याला हात लावल्याचं सांगावं लागलं असतं, भर सभेत, शालीसकट. खाली उतरल्यावर सायमन सरांनी माझ्या हातातून गिटार घेतली, एक तार मोकळी वाजवली, मग बाराव्या पडद्यावर. माझ्याकडं पाहिलं. ‘‘घोडी कुणी बसवली?’’ त्यांनी विचारलं.

‘‘साच्यानं,’’ मी म्हटलं.

तेव्हापासून हा किस्सा आण्णांनी किती जणांना सांगितला असेल त्याला गणती नाही. माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितला, माझ्या नवऱ्याला पहिल्या दिवाळीला सांगितला, माझ्या मुलांना तर तो पाढ्यांच्या आधी पाठ झाला. कान की माप, म्हणून सुरू करायचे आणि माझ्याकडं बोट करून संपवायचे. मी पुढं तीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं, कानावर पोट भरलं. तरी दर वेळी त्या किश्श्याला मी हसले, सगळ्यांसोबत. आई असेपर्यंत ती अशा वेळी उठून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी जरा जास्तच आपटायची.

आई गेली. आण्णा माझ्याकडं असतात आता. नव्वदीला टेकले आहेत, डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून हे पुस्तक जसं लिहून होतंय तसं दुपारी मी त्यांना वाचून दाखवते. ते मधे मधे दुरुस्त्या करतात. शेडची लांबी चुकली, पाळीची वेळ चुकली. हे प्रकरण वाचायला मी आठ दिवस टाळाटाळ केली. मग म्हटलं, काय करतील? शाल काढून घेतील? आणि मी वाचलं. फूटपट्टी मोडली तिथंही न थांबता शाल आणि भाषणापर्यंत वाचत गेले. आण्णा खुर्चीत मान मागं टाकून ऐकत होते. मला वाटलं, झोपले.

‘‘चष्मा कशाला पायजे?’’ ते एकदम म्हणाले. ‘‘खिडकीशी गेलो तवा अंगठ्याला लागलं हुतं. पितळ न् लाकडाच्या मधी पायरी आली हुती. तू जेवायला बसलीस तवा मोजली बी. सहा मिलिमीटर.’’

चाळीस वर्षांहून जास्त. लग्न, दिवाळ्या, पोरं, त्या सगळ्या हशाच्या वेळा. या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असताना त्यांनी पाचही घोड्या माझ्या मापावर बसवल्या, आणि माहीत असताना माइक हातात घेतला. मला इतका राग आला की हातातले कागद चुरगळले. आणि त्या रागाच्या खाली कुठंतरी, लाज वाटते सांगायला, मला खूप आनंद झाला होता.

‘‘मग बोलला का नाहीत, आण्णा?’’

‘‘पत्रिकेत छापलं हुतं ना, गिटार बापाची म्हणून.’’ मग त्यांनी बोट वर केलं. ‘‘पर तुझं बी पुरतं बराबर नव्हतं. हिशेबानं चारच सरकायला पायजे हुती. तू सहा सरकवली.’’

‘‘पडद्यावर दाबली की तार ताणली जाते, आण्णा. सूर थोडा चढतो. वरचे दोन त्याचे. कानाला बरोबर लागलं ते सहालाच.’’

त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर काहीतरी मोजत होती.

‘‘व्हय,’’ ते म्हणाले. ‘‘सहाच बराबर हुती. कान तुझा बराबर हुता.’’ आणि मी डोळे पुसते न पुसते तोच, ‘‘पर ह्ये पुस्तकात घालू नको.’’

घातलं आहे.